हिटलर जिंकला असता तर? : कागदावर आखून ठेवलेल्या एका जगाविषयी

१.
इतिहासात जर-तरला स्थान नसते, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तरीही पानिपताचा विषय निघाला की मराठी माणसाला जर-तर केल्यावाचून राहवत नाही. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर पुढे काय घडले असते, या कल्पनेवर जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा लिहिली. आपला हरलेला पक्ष जिंकलेला पाहण्याचे सुख त्या कल्पनेत आहे. आजच्या धाग्यात मात्र याच्या उलट जातीचा जर-तर घेतला आहे : दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनी जिंकली असती, तर युद्धोत्तर जग कसे असते?

२.
या प्रश्नावर पाश्चात्त्य साहित्यात विपुल लेखन झाले आहे. कॅथरिन बर्डेकिन यांची ‘स्वस्तिका नाइट’ ही कादंबरी तर १९३७ साली, म्हणजे युद्धापूर्वीच प्रसिद्ध झाली. फिलिप के. डिक यांच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’मध्ये (१९६२) जर्मनी आणि जपान यांनी अमेरिका वाटून घेतली आहे. रॉबर्ट हॅरिस यांची ‘फादरलँड’ (१९९२) विजयी जर्मनीच्या बर्लिनमध्ये, १९६४ साली घडते. या कादंबऱ्यांमुळे आणि त्यांवरील चित्रपट-मालिकांमुळे एक ठरावीक चित्र लोकांच्या मनात रुजले आहे : अमेरिकेच्या रस्त्यांवर जर्मन गणवेश आणि पाश्चात्त्य राजधान्यांवर स्वस्तिकाचे निशाण.

३.
माझे मत असे की हे चित्र दिशाभूल करणारे आहे. निशाण कोणाचे फडकले असते, हा त्या जगाचा सर्वांत वरवरचा भाग होय. ते जग मुख्यतः पूर्व युरोपात उभे राहायचे होते आणि त्याची कल्पना करण्यासाठी कादंबरीकाराच्या प्रतिभेची फारशी आवश्यकता नाही. नाझी राजवटीने ते स्वतःच नकाशे, आकडे आणि अंदाजपत्रके यांच्या रूपाने लिहून ठेवले आहे. योजना म्हणजे वास्तव नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पुढे प्रामुख्याने अशाच गोष्टी घेतल्या आहेत, ज्यांची अंमलबजावणी युद्धकाळातच सुरू झाली होती.

४.
हा विषय आपल्यासाठी केवळ कुतूहलाचा नाही. शहरांतल्या पदपथांवरील पुस्तकांच्या ढिगात ‘माइन काम्फ’ आजही सहज दिसते. ‘या देशाला एखादा हिटलरच पाहिजे’ हे वाक्य दिवाणखान्यातील गप्पांत कोणी उच्चारले तर फारसे कोणी दचकत नाही. ‘तो जिंकला असता तर इंग्रज लवकर गेले असते’ ही त्याचीच पुढची पायरी. या वाक्यांची किंमत समजून घ्यायची असेल, तर त्या विजयाचे कागद उघडून पाहिले पाहिजेत.

५.
पहिला कागद म्हणजे ‘गेनेरालप्लान ओस्ट’, अर्थात पूर्वेची महायोजना. हिमलरच्या कार्यालयासाठी तिचा एक प्रमुख मसुदा तयार करणारे कॉनराड मायर हे बर्लिन विद्यापीठात कृषिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४२ च्या त्यांच्या मसुद्यात वसाहतींचे पट्टे, शेतांचे आकार, मजुरांची गरज आणि खर्च यांचा हिशेब आहे. खर्चाचा आकडा ६६.६ अब्ज राइशमार्क. कागद वाचताना एखाद्या पाटबंधारे प्रकल्पाचा अहवाल वाचत आहोत असे वाटावे, इतकी त्याची भाषा थंड आहे.

६.
त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या माणसांचे काय करायचे? हिमलरच्या सुरक्षा यंत्रणेने केलेल्या आराखड्याचा तपशील एप्रिल १९४२ मधील एका सरकारी टिपणातून कळतो. पोलिश लोकांपैकी ८० ते ८५ टक्के, बेलारूसी ७५ टक्के, पश्चिम युक्रेनियन ६५ टक्के आणि चेक लोकांपैकी सुमारे निम्मे हलवायचे होते. एकूण आकडा ३ कोटी १० लाख. दिशा सायबेरिया, मुदत सुमारे तीस वर्षे. म्हणजे १९४५ साली युद्ध जिंकले असते, तर १९७५ पर्यंत हे ‘शांततेच्या काळातील’ काम चालू राहिले असते.

७.
दुसरा कागद भुकेचा. २ मे १९४१ रोजी, रशियावरील आक्रमणाच्या सात आठवडे आधी, जर्मन खात्यांच्या सचिवांची बैठक झाली. सैन्याचे पोट रशियातील धान्यावर भरायचे आणि त्यामुळे तेथील कोट्यवधी माणसे उपाशी मरतील, असे तिच्या टिपणात नोंदलेले आहे. या धोरणाचा प्रमुख शिल्पकार अन्नखात्याचा अधिकारी हर्बर्ट बाके. हे कागदावरच राहिले नाही. जर्मनांच्या हाती पडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले आणि त्यांत उपासमारीचा वाटा फार मोठा होता. लेनिनग्राडला ८७२ दिवसांचा वेढा पडला. तेथे लाखो नागरिक भुकेने आणि थंडीने मेले.

८.
महायोजनेची चाचणीही झाली. पोलंडमधील लुब्लिनच्या दक्षिणेस झामोश्च नावाचे देखणे जुने शहर आहे. नोव्हेंबर १९४२ पासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत या शहराच्या परिसरातील सुमारे ३०० गावांतून एक लाखाहून अधिक पोलिश लोकांना हुसकावून लावण्यात आले. त्यांच्या घरांत आणि शेतांत जर्मन वसाहतवाले आणून बसवले. हुसकावलेल्यांत सुमारे ३० हजार मुले होती. त्यांतली काही, केस आणि डोळ्यांचा रंग पाहून, जर्मन करण्यासाठी उचलली गेली. कोट्यवधींच्या हालचालीचे हे लहानसे प्रात्यक्षिक होते.

९.
मागे राहणाऱ्यांसाठी कोणते जीवन? हिमलरने मे १९४० मध्ये हिटलरला एक टिपण दिले होते. पूर्वेकडील जर्मनेतर मुलांसाठी चार इयत्तांची शाळा पुरे. त्यांना फार तर ५०० पर्यंत मोजता यावे, स्वतःचे नाव लिहिता यावे आणि जर्मनांची आज्ञा पाळणे ही देवाची इच्छा आहे हे कळावे. वाचता येण्याची गरज नाही, असेही त्यात म्हटले आहे. व्याप्त पोलंडमध्ये विद्यापीठे आणि माध्यमिक शाळा खरोखरच बंद करण्यात आल्या. पोलिश शिक्षक जीव धोक्यात घालून चोरून वर्ग भरवत राहिले.

१०.
येथे महाराष्ट्राशी एक धागा जुळतो. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. त्यांना त्यांच्या घरांतून उचलून नेले होते ते सोव्हिएत राजवटीने, हे सांगणे आवश्यक आहे. हिटलर आणि स्टालिन यांनी १९३९ साली पोलंड वाटून घेतला होता. पण ज्या काळात पोलंडमध्ये पोलिश मुलांनी मोजायला शिकण्याची मर्यादा ५०० ठरलेली होती, त्याच काळात पंचगंगेच्या काठच्या त्या छावणीत पोलिश मुले आपल्या भाषेत, आपल्या शिक्षकांकडून रीतसर शाळा शिकत होती.

११.
तिसरा कागद सर्वांत कुप्रसिद्ध. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वान्झे तलावाकाठच्या बंगल्यात पंधरा अधिकारी सुमारे दीड तास बसले. त्या बैठकीच्या इतिवृत्तात युरोपातील ज्यूंची देशवार यादी आहे. बेरीज १ कोटी १० लाख. यादी नीट वाचली की अंगावर काटा येतो, कारण तीत न जिंकलेले देशही आहेत. इंग्लंड ३,३०,०००. तटस्थ स्वित्झर्लंड १८,०००. स्वीडन ८,०००. आयर्लंड ४,०००. विजयानंतरच्या जगाचा हा हिशेब आधीच मांडून ठेवलेला होता. प्रत्यक्षात सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. उरलेला फरक हा पराभवाने वाचवलेल्या माणसांचा आहे.

१२.
या जगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण ती आकर्षक होती. बर्लिनच्या जागी आल्बेर्ट श्पेअर एक नवी विश्वराजधानी रचणार होता. तिच्या सभागृहाचा घुमट सुमारे २९० मीटर उंच व्हायचा होता. जमीन एवढे ओझे पेलेल का, हे तपासण्यासाठी १९४१ साली १२,६५० टन वजनाचा काँक्रीटचा ठोकळा उभारला गेला. तो बर्लिनमध्ये आजही उभा आहे. बांधकामासाठी दगड फ्लोसेनबुर्ग आणि माउटहाउझेन येथील छळछावण्यांच्या खाणींतून येणार होता. बाल्टिक समुद्राकाठी प्रोरा येथे कामगारांच्या सुट्ट्यांसाठी साडेचार किलोमीटर लांबीचे, वीस हजार खाटांचे विश्रामधाम बांधायला घेतले होते. क्रिमिया रिकामा करून तेथे जर्मनांना वसवण्याचे मनसुबे होते.

१३.
म्हणून मला वाटते की त्या जगाचे खरे चित्र काळवंडलेले दिसलेच नसते. १९६५ सालचे एखादे जर्मन कुटुंब समुद्रकिनारी सुट्टी घालवत आहे, मुले चांगल्या शाळेत जात आहेत, रस्ते गुळगुळीत आहेत, गाड्या वेळेवर धावत आहेत. पर्यटकाने त्या देशाची शिस्त आणि स्वच्छता वाखाणली असती. पूर्वेकडील प्रदेश पूर्वी ओसाड होता आणि जर्मनांनी तो पिकवला, असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. त्या कुटुंबाला आपण अंधारात जगत आहोत असे कधी वाटलेच नसते.

१४.
आता भारताकडे वळू. वळण्याचे कारण असे की खुद्द हिटलरने या जगाचा नमुना म्हणून भारताचे नाव घेतले होते. १९४१ साली पूर्व आघाडीवरील मुख्यालयात सहकाऱ्यांशी गप्पा मारताना त्याने म्हटले होते की इंग्लंडला जसा भारत, तसा जर्मनीला रशिया. मूठभर इंग्रज कोट्यवधींवर राज्य करतात, याचे त्याला विलक्षण कौतुक होते. म्हणजे ज्याला आपण आपल्या शत्रूचा शत्रू समजतो, तो आपल्या गुलामीचा चाहता होता. इंग्रजांनी भारत सोडावा असे त्याला वाटत नव्हते. त्याला स्वतःसाठी एक भारत हवा होता.

१५.
याला पुरावे अनेक आहेत. भारत दुसऱ्या कोणाकडे जाण्यापेक्षा इंग्रजांच्या ताब्यात असलेला बरा, असे त्याने ‘माइन काम्फ’मध्येच लिहून ठेवले. नोव्हेंबर १९३७ मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटले. हेच पूर्वी लॉर्ड आयर्विन म्हणून भारताचे व्हाइसरॉय होते. गांधींना गोळी घाला, तेवढ्याने भागले नाही तर काँग्रेसच्या आणखी पुढाऱ्यांना घाला, असा सल्ला त्याने त्यांना दिला. मे १९४२ मध्ये सुभाषचंद्र बोस त्याला भेटले, तेव्हा भारताच्या स्वातंत्र्याची जाहीर घोषणा करण्यास त्याने नकार दिला. नेताजींचे शौर्य आणि त्याग यांविषयी आदर बाळगूनही हे सत्य नोंदवता येते.

१६.
शिवाय एक रेषा आखली गेली होती. वान्झेच्या बैठकीच्या दोनच दिवस आधी, १८ जानेवारी १९४२ रोजी, जर्मनी, इटली आणि जपान यांनी बर्लिनमध्ये एक लष्करी करार केला. कारवाईच्या क्षेत्रांची सीमा ठरली ७० अंश पूर्व रेखांश. नकाशावर ही रेषा पाहा. कराची आणि क्वेटा जर्मनीच्या बाजूला. लाहोर, दिल्ली, मुंबई, कलकत्ता जपानच्या बाजूला. गांधीजींचे जन्मस्थान पोरबंदर पश्चिमेला, सेवाग्राम पूर्वेला. ही राज्यांची सीमा नव्हती, लष्करी सोयीची होती. पण लष्करी सोयीच्या रेषा पुढे काय होतात, हे कोरियाला विचारावे.

१७.
जपानच्या बाजूला काय वाट्याला आले असते? याचे उत्तरही कल्पनेतून काढावे लागत नाही. मार्च १९४२ मध्ये अंदमान जपानच्या ताब्यात गेले. डिसेंबर १९४३ च्या अखेरीस नेताजींनी पोर्ट ब्लेअरला भेट दिली. त्यानंतर महिनाभरात, ३० जानेवारी १९४४ रोजी, हेरगिरीच्या आरोपावरून ४४ भारतीयांना हम्फ्रीगंज येथे गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचेच लोक होते. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या ४१५ किलोमीटर मार्गावर सुमारे दोन लाख आशियाई मजूर राबले. मलायातील रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर त्यांत मोठ्या संख्येने होते. मृत आशियाई मजुरांचा अंदाज ९० हजारांच्या घरात आहे.

१८.
यावर एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. जिंकलेल्यांचे जग तरी कोणते उजळ होते? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात अंदाजे २० ते ३० लाख माणसे मेली. ऑगस्ट १९४१ च्या अटलांटिक सनदेने सर्व लोकांना स्वयंनिर्णयाचे वचन दिले आणि पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी ते भारताला लागू नसल्याचे सांगितले. पाश्चात्त्य लेखक ज्याला ‘पर्यायी’ अंधार म्हणतात, त्याचा काही भाग आशिया-आफ्रिकेच्या लोकांनी प्रत्यक्ष भोगला आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

१९.
तरीही दोन्ही पारडी समान होत नाहीत. ऑगस्ट १९४३ मध्ये कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’ने, म्हणजे इंग्रजांच्याच वृत्तपत्राने, उपासमारीची छायाचित्रे छापली आणि सरकारला दुष्काळ दडवणे कठीण झाले. संपादक इयन स्टीफन्स यांना कोणी भिंतीशी उभे केले नाही. व्याप्त कीव्हमध्ये असे वृत्तपत्र अशक्य होते. हॅरी टर्टलडव्ह यांच्या ‘द लास्ट आर्टिकल’ या कथेत भारत जर्मनांच्या ताब्यात गेला आहे. गांधीजी सत्याग्रह करतात आणि मारले जातात. मला या कथेचा अर्थ अहिंसा दुबळी असा वाटत नाही. सत्याग्रहाला साक्षीदार लागतात. ते उरूच द्यायचे नाहीत, हे त्या दुसऱ्या राजवटीचे धोरण होते. फरक इंग्रजांच्या दयाळूपणाचा नव्हता. प्रश्न विचारता येईल अशी चिंचोळी का होईना, एक जागा शिल्लक होती आणि आपल्या लोकांनी ती लढून रुंद केली.

२०.
साक्षीदारांचा हाच मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वान्झेच्या इतिवृत्ताच्या तीस प्रती होत्या. आज त्यांतली एकच उपलब्ध आहे, सोळावी. ती १९४७ साली परराष्ट्र खात्याच्या दप्तरात अमेरिकी सरकारी वकिलांच्या पथकाला सापडली. १९४२ पासून पाउल ब्लोबेलच्या हाताखाली विशेष पथके सामूहिक कबरी उकरून प्रेते जाळत होती. हे पान इतिहासात कधीही लिहिले जाणार नाही, असे हिमलरने ऑक्टोबर १९४३ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना सांगितले होते. जर्मनी जिंकली असती, तर या धाग्यातील बहुतेक आकडे आज कोणालाही ठाऊक नसते. ‘फादरलँड’ ही कादंबरी मला इतरांपेक्षा श्रेष्ठ वाटते ती यामुळेच : तिच्यातील गुप्तहेर ज्याचा शोध घेतो, ते सत्य त्या जगाने गाडून टाकलेले आहे.

२१.
विजेते कागद जाळतात, हे आपल्या जगातही घडले आहे. वसाहती सोडताना इंग्रजांनी अनेक ठिकाणी दप्तरे नष्ट केली, काही मायदेशी नेऊन दडवली. केनियातील माऊ माऊ बंडाच्या काळातील छळाचे कागद २०११ साली न्यायालयीन लढ्यामुळे उजेडात आले आणि २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने ५,२२८ केनियन नागरिकांना भरपाई देण्याचे मान्य केले. मध्ये अर्धशतक लोटले होते. आणि महायोजनेचे प्राध्यापक मायर? न्यूरेंबर्गच्या खटल्यात ते मुख्य आरोपांतून सुटले. शिक्षा झाली ती केवळ एस.एस.च्या सदस्यत्वाबद्दल, आणि भोगलेला कारावास पुरेसा मानला गेला. १९५६ पासून ते हानोव्हरच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक होते. जर्मनी हरलेल्या जगात हे घडले.

२२.
तेव्हा जर-तरचा इतिहास अवश्य लिहावा, वाचावा. फक्त त्याला एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : या कल्पित नकाशावरून कोणाला पुसले आहे आणि ते पुसले गेल्याची नोंद कोण ठेवणार आहे? ‘एखादा हिटलरच पाहिजे’ म्हणणारा माणूस नकळत स्वतःला त्या समुद्रकिनाऱ्यावरील कुटुंबात पाहत असतो. त्याच्या कागदांत आपली जागा मात्र शाळा चार इयत्तांवर संपणाऱ्यांत होती.

धागा येथे पूर्ण झाला. मतभेद असल्यास आधारासह जरूर मांडावेत. त्यांवर स्वतंत्र धागा लिहिता येईल.